वरतून काहून नाई येत कोणी?

दिवाळीच्या सुटीत अकोल्याचा भाचा आला की कापसाची खोली त्याची होते. पहिल्या दोन वेच्यांचा कापूस तिथे छातीएवढा चढलेला असतो, भाव चढायची वाट बघत ठेवलेला. त्या ढिगात पाठीने खड्डा करायचा, लॅपटॉप पोटावर घ्यायचा आणि जेवणाची हाक येईपर्यंत हलायचं नाही, हा त्याचा नेम. कापूस भरलेल्या खोलीत आवाज विरून जातो. अंगणात ट्रॅक्टर सुरू असला तरी आत तो पलीकडच्या गावातला वाटतो. सरकीचा तेलकट, उबट वास, मानेला सुटलेली बारीक खाज आणि पोराच्या तोंडावर पडलेला निळा उजेड. यंदा तो स्टेलारिस खेळत होता, आकाशगंगेत आपलं साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. शेजारच्या साम्राज्याकडून येणाऱ्या तीन वाटा जिथे एक होतात त्या ताऱ्यावर त्याने तळ बांधला, त्यावर तोफा चढवल्या आणि वाट अडवून बसला. शत्रूचा ताफा आला, तळावर आपटला, संपला. पोरगं खूश व्हायला हवं होतं. ते स्क्रीनकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "मामा, हे लोकं वरतून काहून नाई येत? आभायात काय रस्ते रायतात?" तेवढ्यात त्याच्या आईने चहाला हाक मारली. तो अंगावरचा कापूस झटकत निघून गेला.

प्रश्न माझ्यापाशी राहिला.

वरवरचं उत्तर सोपं आहे आणि ते मला माहीत होतं. स्टेलारिस 2016 मध्ये आला तेव्हा एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या तीन तऱ्हा होत्या. वार्पवाला आपल्या टप्प्यातल्या कुठल्याही ताऱ्यावर सरळ जायचा, वर्महोलवाला केंद्र बांधून त्यातून ताफे पाठवायचा, आणि हायपरलेनवाला आखून दिलेल्या वाटांनी जायचा. 2018 च्या 2.0 आवृत्तीत पॅराडॉक्सने, म्हणजे खेळ काढणाऱ्या कंपनीने, सुरुवातीच्या निवडीतून पहिल्या दोन तऱ्हा काढून टाकल्या आणि सगळ्यांना हायपरलेनवर आणलं. तेव्हा खेळणारे खूप चिडले होते. मलाही ते लागलं होतं, कारण अवकाशात मोकळं फिरायला म्हणून आपण हा खेळ घेतो आणि हे आपल्याला एस.टी.च्या मार्गावर बसवतात. पण नव्या आवृत्तीत पहिलीच लढाई झाली आणि मला कळलं की त्यांनी योग्य केलं. आधी शत्रू कुठेही उतरायचा, त्यामुळे कुठे पहारा ठेवायचा याला अर्थच नव्हता. ज्याच्याकडे मोठा ताफा तो जिंकायचा. वाटा आल्या तशी सरहद्द आली, नाकं आली, मागची बाजू आणि पुढची बाजू आली. डोकं लावायला जागा झाली. आणि तसं पाहिलं तर वार्प असतानाही तिथली आकाशगंगा सपाटच होती. वर-खाली असं त्यात कधी काही नव्हतंच. एवढं सगळं माहीत असूनही भाच्याचा प्रश्न मनातून जाईना. आपण एक गोष्ट सोडून दिली आणि ती सोडली हेही विसरलो, असं काहीतरी त्यात होतं.

ती गोष्ट मला जिथे पहिल्यांदा भेटली ती जागा अमरावतीचं होस्टेल. होमवर्ल्ड हा अवकाशात ताफे लढवायचा 1999 चा खेळ. आमच्यापर्यंत तो पोचला उशिरा, कुणीतरी नागपूरहून आणलेल्या सीडीवरून. खोलीत चौघांत मिळून एक जोडलेला कॉम्प्युटर, त्याचा अवजड काचेचा मॉनिटर, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारी मच्छरदाणी. मी ज्या मुलखात वाढलो तिथे चढ म्हणून नाही. दर्यापूरकडचा आमचा खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेच्या गाळाची सपाट काळी जमीन. एस.टी. शेजारच्या गावात असते तेव्हाच तिची धूळ दिसते. लहानपणी टेकडी पाहायची तर उत्तरेला गाविलगडच्या डोंगराची निळी रेघ, तीही पाऊस पडून हवा धुऊन निघाली तर. अशा मुलखातल्या पोरासमोर त्या काचेवर एक जहाज आलं. लांबट, उभं. त्याच्या खाली काही नाही, वर काही नाही, आजूबाजूला रंगीत धुकं. मी कितीतरी वेळ काहीच न करता माउसने त्याच्याभोवती फिरत राहिलो. कॅमेरा जहाजाच्या पोटाखाली नेला की पोटात कालवायचं, उंच पाळण्यातून खाली येताना कालवतं तसं.

ताफ्याला जागा दाखवायची पद्धत अशी होती: एम दाबलं की जहाजांभोवती एक चकती उमटायची. माउस सरकवून त्या चकतीवर ठिकाण धरायचं. मग शिफ्ट दाबून माउस पुढे ढकलला की त्या ठिकाणावरून एक उभी रेघ वर निघायची; मागे ओढला की खाली उतरायची. रेघेच्या टोकाला क्लिक केलं की ताफा तिकडे निघाला. म्हणजे आधी जमिनीवर बोट ठेवायचं आणि मग सांगायचं, इथून एवढं वर. हे लिहायला सोपं आहे. लढाई सुरू असताना, चहूबाजूंनी ठिणग्या उडत असताना, कॅमेरा तिरका झालेला असताना ती रेघ वर चालली आहे की आपल्याकडे येते आहे हे डोळ्याला कळत नाही. काच सपाट, माउसचा पॅड सपाट. हाताला दोनच दिशा ठाऊक आहेत आणि तिसरी एका बटणामागे आहे. होमवर्ल्ड बनवणाऱ्या रेलिकच्या मंडळींनी यावर एक फार शहाणी गोष्ट केली होती. कॅमेरा मोकळा सोडलाच नव्हता. तो कायम कुठल्यातरी जहाजाला बांधलेला असायचा. त्याच्याभोवती फिरा, जवळ या, लांब जा, पण त्याला सोडून जाता येत नाही. त्यामुळे माणूस त्या पोकळीत हरवत नसे. पायाखाली जमीन नसली तरी डोळ्यासमोर आपलं माणूस असे.

याच सुटीत तुरीवर फवारणी करायला ड्रोन आला होता. बचत गटातली एक ताई चालवते. आमच्याकडे अजून त्याची नवलाई आहे, बांधावर पोरं जमतात. दहा लिटरची टाकी, सहा हात, आणि सुरू झाला की गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. तुरीची पिवळी फुलं त्याच्या वाऱ्याने आडवी होतात, औषधाचा उग्र वास नाकात जाऊन बसतो. मी तिच्या मागे उभा राहून पाहत होतो. तिच्या हातातल्या पडद्यावर वावराचा नकाशा होता. तिने चार कोपरे टेकवले, बांधावरची बाभूळ वगळली, कडेच्या विजेच्या तारेपासून अंतर ठेवलं. उंची एकदाच टाकली. मी विचारलं, "ताई, मधात वर-खाली नाही करत?" ती म्हणाली, "उंची एकदा टाकली का मंग तिच्यात हात नाई घालत मी, भाऊ. यंत्र सांभायते." आणि ड्रोन गेला सरळ, वळला, परत आला, जसा कोळप्या तासातून जातो तसा. हवेत उडणारी वस्तू, पण चालवणारीच्या डोक्यात ती सपाट.

मग एक गोष्ट दिसली जी मी अजून विसरलेलो नाही. ड्रोन वावराच्या पार त्या टोकाला गेला तेव्हा बांधावरच्या पोरांत वाद लागला, तो आमच्या धुऱ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. आकाशाकडे बघून कुणालाच सांगता येईना. एक लहान पोरगी म्हणाली, "सावली पाहा ना." तुरीच्या शेंड्यांवरून एक काळा ठिपका धावत होता, धुऱ्याच्या अलीकडे. वाद मिटला. होमवर्ल्डची ती चकती आणि उभी रेघ म्हणजे नेमकं हेच होतं! सेन्सरच्या नकाशात गेलं की ताफ्यांवरून तशाच रेघा एका सपाटीवर टेकवलेल्या असायच्या. अवकाशात जमीन नाही, म्हणून सावली नाही. सावली नाही म्हणून डोळ्याला उंची नाही. बनवणाऱ्यांनी आधी एक खोटी जमीन आखली आणि तिच्यावर सावल्या पाडल्या. इतकी वर्षं मी त्या चकतीला खेळाची अडचण समजत होतो, आणि ती तर त्या पोकळीत मला दिलेली सगळ्यात माणुसकीची वस्तू होती.

पण सावली दिली तरी प्रश्न सुटत नाही. दिसायला लागल्यावरही वर जायचं कशाला, हा प्रश्न उरतोच. रात्री भाच्याला मी वहीच्या पानावर दहा बाय दहाची चौकट काढून दिली. या पटावर शत्रूला अडवायचं तर किती घरं भरावी लागतील? दहा. एक ओळ भरली की भिंत झाली. आता असेच दहा पट एकावर एक ठेव. आता भिंतीला किती लागतील? शंभर. बुद्धिबळाच्या पटावर मधोमध उभ्या राजाला आठ शेजारी. हाच राजा घनाच्या पोटात ठेवला तर सव्वीस. सव्वीस बाजूंनी ज्याला धोका आहे त्याचं रक्षण करणं म्हणजे विचार करणं राहत नाही, नुसती धावपळ होते. नाकं अडवायची म्हटलं तर पोकळीला नाकच नसतं. भाच्याने हे मान डोलावून ऐकलं, पण त्याचं समाधान झालं नाही. मलाही वाटत होतं की यात अजून काहीतरी आहे.

ते झोपायच्या आधी सापडलं. मी त्याला म्हटलं, तीन बोटं हवेत कशीही धर. एक वर, एक खाली, एक तिरकं. त्याने धरली. मी त्यावर वही ठेवली. ती तिन्ही टोकांवर टेकली. त्याने बोटं हलवली, वेडीवाकडी केली. वही तिरपी झाली, पण तिन्हींवर टेकलेलीच. चौथं बोट उचललं तेव्हा कुठे वही एका बोटावरून सुटली. मी, माझा शत्रू आणि जिच्यावरून आम्ही भांडतो ती खाण, एवढेच तीन ठिपके पोकळीत असतील तर ते कायम एकाच पानावर असतात. कॅमेरा थोडा तिरपा करा, खेळ सपाट. दोघांच्या लढाईत तर नुसती एक रेघ असते. तिसरी मिती खेळात यायला कमीत कमी चार ठिकाणं अशी हवीत की ज्यांची मला एकाच वेळी काळजी आहे. होमवर्ल्डमध्ये बहुतेक वेळा मला एकाच गोष्टीची काळजी असायची, मुख्य जहाजाची. म्हणून तर सगळं स्वातंत्र्य हातात असूनही आम्ही चौघं मित्र शेवटी ताफे समोरासमोरच नेऊन भिडवत होतो. भिंतीच्या रचनेत लावायचे, गोलाच्या रचनेत लावायचे, दिसायला डोळ्यांचं पारणं फिटायचं. उंचीने मात्र क्वचितच कुणी लढाई जिंकली.

तरीही मी होमवर्ल्डच्याच बाजूचा आहे.

हे नीट सांगता यावं म्हणून मला मचाणावर जावं लागेल. आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे रब्बीचा हरभरा येतो तो काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. तो फुलावर आला की रोही आणि रानडुकरं येतात, म्हणून जागल. माघातली थंडी, अंगावर घोंगडं, शेकोटीचा धूर, हरभऱ्याच्या पानावरच्या आंबेचा आंबट वास. आणि वर जे असतं ते शहरात राहणाऱ्याला सांगून पटत नाही. आजी सप्तर्षींना खाट म्हणायची. म्हातारीची खाट आणि ती पळवायला निघालेले तीन चोर. चार तारे चार खूर, तीन तारे तीन चोर. मला ती खाट इतकी स्पष्ट दिसायची की तिच्या दोऱ्याही दिसतात असं वाटायचं. पुढे कधीतरी अंतरं वाचली आणि हादरलो. सातांपैकी मधले पाच तारे आपल्यापासून सुमारे 80 प्रकाशवर्षांवर, खरोखरच एकत्र फिरणारे सोबती आहेत. पण दोन टोकांचे दोघे, क्रतू आणि मरीची, त्यांच्यातले नाहीत; मरीची शंभराच्या पुढे, क्रतू सुमारे 120 वर. म्हणजे खाटेचा एक खूर बाकीच्या तिघांच्या कितीतरी मागे आहे आणि तिसरा चोर भलत्याच रस्त्याने चालला आहे. जागलीत हे आठवलं की आकाश एकदम सपाट राहायचं थांबतं. ते खोल होतं. आपण त्याच्याकडे बघत नसून त्याच्यावर वाकलो आहोत, घोंगडं सुटलं तर आत पडू, असं होतं. तेच पोटातलं कालवणं. होस्टेलच्या त्या काचेवर मला जे मिळालं होतं ते हे होतं, आणि दुसऱ्या कुठल्याही खेळाने ते मला परत दिलं नाही. 2008 चा सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर मी आवडीने खेळलो. जहाजं सुंदर, कॅमेरा हवा तसा फिरतो, पण सगळं एका अदृश्य तावदानावर मांडलेलं. ग्रहाग्रहांमध्ये ठरलेल्या वाटा. खेळ म्हणून तो जास्त चांगला चालतो. पण त्याच्या पोटाखाली कॅमेरा नेला तर काहीच होत नाही. तिथून कुणी येणार नाही, हे माहीत असतं.

सपाट नकाशावाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे, कारण ती खरी आहे. आपली आकाशगंगा तशी सपाटच आहे. तिचा पसारा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आणि ज्या तबकडीत बहुतेक तारे आहेत तिची जाडी सुमारे हजार. आपल्या ग्रहांच्या कक्षाही जवळजवळ एकाच पातळीत. बुधाची सात अंशांनी कललेली, तीच सगळ्यांत जास्त. तेव्हा अख्खी आकाशगंगा मांडणाऱ्या खेळाने सपाट कागद घेतला तर त्याने फसवलं असं म्हणता येत नाही. पण तेच घराजवळ या. मित्र तारा सुमारे 4.4 प्रकाशवर्षांवर, आमच्याकडून दक्षिणेच्या क्षितिजाला टेकलेला, व्याध 8.6 वर, दुसऱ्याच बाजूला. शेजारी सगळीकडे आहेत, वर, खाली, मागे. 2006 च्या सोर्ड ऑफ द स्टार्स या खेळात असाच सगळीकडे पसरलेला शेजार होता: ताऱ्यांचा नकाशा खरोखर त्रिमितीतला. मला तो बघता क्षणी आवडला आणि खेळताना छळत राहिला. दोन तारे शेजारी-शेजारी दिसायचे, ताफा पाठवायला गेलं की कळायचं एक पुढे आहे, एक पार मागे. नकाशा फिरवा, परत फिरवा, आता कुठला कुठे गेला ते शोधा. म्हातारीची खाट प्रत्येक वळणावर मोडत होती. मचाणावर जी गोष्ट अंगावर काटा आणते तीच, दर डावाला हिशेब करायची वेळ आली की डोकेदुखी होते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच माणसाला होतं.

मग वर जायला कारण कसं द्यायचं? यावर मला सुचलं ते माझ्या सासुरवाडीला, वरूडकडच्या संत्र्याच्या बागेत. तिथे बोअर मारायची गाडी आली की अख्खं घर खुर्च्या टाकून बसतं. मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज, भोकातून उडणारी करडी भुकटी, आणि सासरे दर नळीला बोटं मोडताहेत. कारण बोअरवाला फुटाने पैसे घेतो. शंभर फुटांवर ओल लागली नाही तर आणखी जायचं का? थोडं लागलं, तेवढ्यावर थांबायचं का? शेजाऱ्याने आपल्यापेक्षा खोल मारला आहे, त्याचा परिणाम काय? खोली ही तिथे डोळ्याने दिसत नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ती फुटाफुटाने कळते, कारण प्रत्येक फुटाला भाव आहे आणि प्रत्येक फुटात काही मिळण्याची शक्यता आहे. होमवर्ल्डमध्ये वर जायला काहीच लागत नव्हतं. वर जायला आणि पुढे जायला सारखाच वेळ, आणि वर पोचल्यावर तिथे असायचं तेच जे खाली होतं: काही नाही. फुकट मिळालेल्या उंचीचा खेळात विचार कोण करणार?

याची साक्ष त्याच खेळाच्या पुढच्या भागांत आहे आणि मला ती फार बोलकी वाटते. 2016 मध्ये त्याच जगावरचा डेझर्ट्स ऑफ खराक आला. अवकाश नाही, जहाजं नाहीत. वाळवंट आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. आणि तिथे, जमिनीवर आल्यावर, उंचीला पहिल्यांदा किंमत आली. टेकाडावर उभा असलेला फायद्यात, टेकाडामागे असलेला दिसत नाही. अवकाशात जे साधलं नाही ते वाळूच्या उंचवट्याने साधलं. 2024 च्या होमवर्ल्ड 3 मध्ये मग त्यांनी पोकळीतच अवाढव्य बांधकामांचे सांगाडे आणून ठेवले, ज्यांच्या आडून ताफे लपत-छपत जातात. कल्पना बरोबर होती. पोकळी ही खेळायची जागा नाही, तिच्यात काहीतरी असावं लागतं. याच्याही पार मागे, 1962 मध्ये, अमेरिकेच्या एम.आय.टी.तल्या पोरांनी पीडीपी-1 यंत्रावर स्पेसवॉर लिहिला तेव्हा त्यांनाही हेच उमगलं असावं. दोन लहानशी यानं, सपाट गोल पडदा, आणि मधोमध एक तारा जो दोघांनाही ओढतो. तो तारा नसता तर पडद्यावरची प्रत्येक जागा सारखी होती. तारा आला आणि जवळ-लांब याला भाव आला. खेळ सपाटच, पण त्यातली एकही जागा फुकट नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग तुमीच बनवा एक." तेव्हापासून आमची एक वही भरते आहे. त्याच्या शाळेच्या वेळा सांभाळून रविवारी फोनवर बोलणं होतं. जागा मी निवडली आहे: शनीची कडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच्या घरातली. बर्फाचे कण, गोटे, घराएवढाले धोंडे. एवढं रुंद आणि एवढं पातळ दुसरं मैदान मला माहीत नाही. एक ताफा कड्यांच्या वर, एक खाली. कड्यांना चिकटून राहिलं तर लपता येतं, वर उठलं तर लांबवर दिसतं पण आपणही दिसतो. वर-खाली याला आपोआप अर्थ आला, असं मला वाटलं. भाच्याने एका वाक्यात ते पाडलं: "मंग ते कडं म्हणजे जमीनच झाली ना, मामा. आपलं वावरच झालं." त्याचं म्हणणं सरळ होतं. आभाळात जमीन आणून ठेवायची आणि मग म्हणायचं की बघा, आता खेळता येतं.

पण या जमिनीला खालची बाजू आहे, मी म्हटलं. आमच्या वावराखालून कुणी येत नाही. इथे येऊ शकतो. आणि यायचं तर कडं फोडून यावं लागेल, त्याला किंमत पडेल. 2017 मध्ये कॅसिनी यान शनी आणि कड्यांच्या मधल्या फटीतून गेलं. ती तर मोकळी जागा, तरी पहिल्या खेपेला त्याने आपली मोठी अँटेना ढालीसारखी पुढे धरली होती, कणांचा मार लागू नये म्हणून. अँटेना पुढे, म्हणजे पृथ्वीकडे पाठ. तेवढा वेळ त्याचं आपल्याशी बोलणं-चालणं बंद. आपल्या खेळातही तसंच ठेवू: जो ताफा कडं ओलांडेल तो ओलांडताना मुका आणि बहिरा. त्याला हुकूम देता येणार नाही, त्याच्याकडून खबर येणार नाही. पलीकडे काय वाढून ठेवलंय ते तो निघाल्यावरच कळेल. फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मागे त्याच्या आईच्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता. मग त्याने विचारलं, "किती वेळ मुका?"

मी म्हणतो दोन डाव. तो म्हणतो दोन डावांत पलीकडचा माणूस आरामात तोफा वळवून बसतो, मग ओलांडणार कोण, एकच ठेवा. एकच ठेवला तर भीती राहत नाही, हे माझं म्हणणं. येत्या रविवारी तो आपल्या मित्राला घेऊन दोन्ही तऱ्हेने कागदावर खेळून बघणार आहे.